अलार्म खरा निघावा म्हणून

३ ऑक्टोबर

वन्सं,

फोन सोडून ही पत्र काय लिहीत बसली, म्हणून तुम्ही आधी चष्मा शोधाल आणि मग माझ्यावर चिडाल. कारण साधं आहे. बोटीवरून फोन करायचा म्हणजे तुमच्या भावाच्या कानातच बोलायचं. ओट्याशी उभी राहिले तरी माझी सावली बिछान्यावर पडते, एवढीच आमची जागा. धक्क्यावर जाऊन बोलावं तर शेजारच्या बोटीवरचे मास्तर पेपर खाली ठेवून ऐकतात. तेव्हा पत्रच बरं. यांना ठाऊक नाही, म्हणून उत्तर धक्क्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा आणि फोनवर ‘पत्र पोचलं गं’ म्हणून ओरडू नका.

आपल्या बोटीच्या छताला आधीच्या मालकाने एक पांढरी डबी लावून ठेवली आहे, तुम्ही आलात तेव्हा पाहिली असेल. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. यांची फेरीबोटीवरची नोकरी संपली, काठावर झोप लागत नाही म्हणून आम्ही इथे राहायला आलो, तेव्हापासून तो मुका होता. आता गेले काही दिवस भर दुपारी किंचाळायला लागला आहे. आवाज असा की दात शिवशिवतात. यांनी त्याचं नाव बोंबल्या ठेवलंय.

पहिल्यांदा वाजला तेव्हा मी शिवण टाकून बाहेर पळाले. हे आत बसलेलेच. म्हणाले, “साप साप म्हणून भुई धोपटू नकोस. खोटा आहे तो.” का खोटा, तर ते सांगेनात. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा स्टुलावर चढून त्यातले सेलच काढले. मी ते परत घातले. यांनी परत काढले. हाच आमचा खेळ चालू आहे.

मलाही वाटतं की खोटाच असेल. दुपारी शेगडी बंद, हीटर बंद, इंजिन तर महिनाभर सुरूच केलेलं नाही. मग वायू येणार कुठून? पण तुम्ही दवाखान्यात जन्म काढलात. अशी यंत्रं उगाच ओरडतात का हो?

बाकी ठीक. यांचा स्वभाव जरा तापट झालाय. डोकं दुखतं म्हणतात. परवा इंजिन तेलाचा डबा माझ्या मसाल्यांच्या फळीवर ठेवला आणि मी विचारलं तर माझ्यावरच खेकसले. पाव आणायला गेले ते पुलापर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परत आले, म्हणाले फिरायला गेलो होतो. काल इंजिनाचं झाकण उघडून पाना हातात धरून कितीतरी वेळ नुसते उभे. वय झालं, दुसरं काय. तुमचा गुडघा कसा आहे?

तुमची वहिनी

८ ऑक्टोबर

वहिनी,

माझा गुडघा गेला खड्ड्यात. हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बोटीवर तर मुळीच वाचू नकोस. आधी धक्क्यावर ये.

तू अलार्मबद्दल पानभर लिहिलंस आणि दादाबद्दल शेवटी चार ओळी, त्याही ‘बाकी ठीक’ म्हणून. अगं, त्या चार ओळीच खऱ्या आहेत! डोकं दुखणं, चिडचिड, विसरणं, हातात पाना धरून उभं राहणं, ही कार्बन मोनॉक्साइडची लक्षणं आहेत. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला वाटतं सर्दी झाली, झोप कमी पडली, वय झालं. आमच्या वॉर्डात एक पूर्ण कुटुंब आलं होतं, बंद खोलीत शेगडी लावून झोपलेलं. त्यातल्या आजोबांना स्वतःच्या मुलाचं नाव सांगता येईना. आठवडाभरात ते मला पत्त्यांत हरवायला लागले.

शेगडी बंद होती म्हणतेस. सकाळी हीटर लावता ना? तो वायू कोपऱ्यात साचून राहत असेल. मास्तरांच्या बोटीवर जनरेटर आहे असं तूच सांगितलं होतंस, त्याचा धूर तुमच्या खिडकीतून येत असेल. इंजिनाच्या धुराचा पाइप कुठे फुटला असेल. शोधायला शंभर जागा आहेत, आणि शोधणं तुझं काम नाही. अलार्म वाजला की शेगडी बंद करायची, माणसं बाहेर काढायची, आणि जाणकाराने तपासल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. लांडगा आला रे आला म्हणून हसायचं नाही. आणि दादाला सांग, सेलला हात लावलास तर मी येऊन हात मोडीन.

वहिनी, एक खरं सांगू का? तुझं पत्र वाचून आधी मी घाबरले, आणि पाणी पिऊन खाली बसले तर हायसं वाटलं. उन्हाळ्यात तुम्ही आला होतात ना, तेव्हा त्याने मला एकच गोष्ट जेवताना तीनदा सांगितली होती. तेव्हापासून मला धास्ती होती. तुला बोलले नाही. आता कळलं, ते विष होतं! विष उतरवता येतं. मोकळ्या हवेत आणला की हळूहळू ताळ्यावर येईल बघ.

दोघं इकडे या. लगेच.

तुझी नणंद

१४ ऑक्टोबर

वन्सं,

तुमचं पत्र ऑफिसात उभ्यानेच वाचलं, माफ करा. वाचून झाल्यावर तिथला कारकून म्हणाला, “काकू, चांगली बातमी दिसते.” मी हो म्हणाले. नवऱ्याला विषबाधा झाली हे वाचून हसणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली असेल.

तुम्हाला धास्ती होती, मग मला काय नव्हती? बाजारातून परत येताना धक्क्यावरून बोट दिसली की आधी मी हे दिसतात का ते बघायचे. यांचं विसरणंही वायूमुळेच असेल असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तुम्ही तर मला ओंडका दिलात.

काल दुपारी बोंबल्या परत वाजला. मी आता शहाणी झालेली. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि यांचा हात धरून ओढतच धक्क्यावर आणलं. हे सारखं “खोटा आहे गं, खोटा आहे” म्हणत होते. आजूबाजूच्या बोटींवरची माणसं बघायला लागली. मग मीही चिडले. म्हटलं, “बरं, खोटा. मग वाजतो का? इतकी वर्षं इंजिनं सांभाळलीत, तुम्हीच सांगा.”

यांनी इंजिनाच्या झाकणाकडे बोट दाखवलं. तोंड उघडलं. “ते तिथलं... ते...” म्हणाले आणि थांबले. मग एकदम ओरडले, “तुला काय कळतंय त्यातलं!” आणि मास्तरांच्या बोटीवर जाऊन बसले, पाठ फिरवून. वन्सं, वायूने यांचे शब्दसुद्धा खाल्ले हो.

मास्तरांना मी जनरेटरबद्दल विचारलं तर त्यांना राग आला. “वारा कुठून कुठे वाहतो हे मी मुलांना शिकवत होतो,” म्हणाले. पण माणूस चांगला. त्यांनी जनरेटर बंदच करून टाकला आणि मेणबत्ती लावून बसले. तरी आज बोंबल्या वाजलाच. म्हणजे आमच्याच बोटीत काहीतरी आहे.

बोटी तपासणारी एक बाई आहे, तिची तारीख या महिनाअखेरची मिळाली. तोवर आम्ही तुमच्याकडे येतो. तिच्या तारखेला मी एकटी परत येईन, यांना तुमच्याकडेच ठेवीन. शुक्रवारच्या बसने येतोय, तोवर रात्री मास्तरांच्या बोटीवर झोपतो. यांना सांगितलंय की वन्संचा नळ गळतो, तो दुरुस्त करायचाय. नाहीतर हे बसमध्ये पाय ठेवणार नाहीत. तेव्हा नळ गळत नसला तर गळता करून ठेवा.

वहिनी

२८ ऑक्टोबर

वहिनी,

तू गेल्यापासून रोज लिहीन म्हटलं आणि रोज राहून गेलं. काळजी करू नकोस. दादा छान आहे. दोन वेळा पोटभर जेवतो, दुपारी झोपतो, डोकं दुखतं म्हणून एकदाही म्हणाला नाही. नळ काढून त्याचे सगळे भाग वेगळे केले, पुसले, ओळीने मांडले. आता नळ गळत नाही. काल संध्याकाळी आम्ही लहानपणीच्या घराबद्दल बोलत बसलो होतो, त्याला विहिरीचा रहाट कुठल्या बाजूला होता तेसुद्धा आठवतंय. मला आठवत नव्हतं!

रक्त तपासून घेतलं. त्यात काही निघालं नाही. पण ते निघणारच नव्हतं, मोकळ्या हवेत हा वायू रक्तातून एक-दोन दिवसांत निघून जातो आणि आपण उशिरा तपासलं. त्यामुळे त्या कागदाला काही अर्थ नाही. तू मनावर घेऊ नकोस.

मी बाजारात जाते तेव्हा दाराला बाहेरून कडी लावून जाते. उगाच तो जिना उतरून खाली जाईल आणि इमारती सगळ्या सारख्या दिसतात, नवख्या माणसाचा गोंधळ होतो. एकदा झाला. खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे जाऊन चहा मागितला. त्यांनी दिला. चांगल्या आहेत बिचाऱ्या.

तपासनीस आली का? हीटर असणार, माझं मन सांगतं. असेल तर फेकून दे, नवा मी घेऊन देते.

तुझी नणंद

१ नोव्हेंबर

वन्सं,

तपासनीस बाई येऊन गेली. दोष सापडला. बॅटऱ्या बदलायच्या आहेत, बदलणारा माणूस पुढच्या आठवड्यात येईल. बोटीवर झोपत नाही, ऑफिसच्या वरची खोली दिली आहे, तेव्हा काळजी नसावी. सहलीच्या बोटीच्या गाद्यांचं शिवण अर्धं राहिलंय, ते पुरं करून येते. यांना सांगा, जेवणावर मीठ वरून घ्यायचं नाही.

वहिनी

५ नोव्हेंबर

वहिनी,

ही काय तार पाठवलीस? तुझ्या पत्राला कधी एवढा कोरा कागद उरलेला मी पाहिला नव्हता.

आणि बॅटऱ्यांचा काय संबंध? मी यंत्रातली नाही, पण एवढं मला कळतं की कार्बन मोनॉक्साइड काहीतरी जळल्याशिवाय होत नाही. बॅटरी जळते का? हीटरचं काय निघालं? पाइपचं काय निघालं? वायू होता ना?

सरळ लिही. मी म्हातारी झाले असले तरी मेट्रन होते, भिंतीला धरून उभी राहून ऐकायची मला सवय आहे.

नणंद

९ नोव्हेंबर

वन्सं,

नव्हता.

आता सगळं सांगते. तपासनीस बाई तुमच्या-माझ्याहून बरीच लहान, केस बारीक कापलेले, गुडघ्यांना गाद्या बांधून आली होती. हीटर लावून बघितला, शेगडी लावून बघितली, इंजिन सुरू करून धुराच्या पाइपवरून हात फिरवत शेवटपर्यंत गेली. तिच्या यंत्रावर शून्य. आमच्या बोंबल्याला मात्र दुपार झाली तसा ऊत आला. तो वाजतोय आणि तिचं यंत्र शून्य दाखवतंय. ती हसली आणि नाक वर करून वास घ्यायला लागली. “काकू, सडक्या अंड्यांसारखा वास येतोय, तुम्हाला येत नाही?” मी म्हटलं, “तो पाण्याचाच असेल, मला सवय झालीय.” तिने इंजिनाशेजारचं झाकण उचललं. आत मोठ्या बॅटऱ्या आहेत ना, त्यांची पोटं फुगलेली. हात लावला तर चटका बसावा इतक्या गरम.

तिने किनाऱ्यावरून येणारी विजेची वायर आधी काढली आणि मग मला समजावलं. बॅटऱ्या भरणारा चार्जर बिघडलाय. बॅटऱ्या भरल्या तरी तो थांबत नाही, मग त्या आतल्या आत उकळतात, दुपारच्या उन्हात तर जास्तच, आणि त्यांतून हायड्रोजन बाहेर पडतो. छताच्या अलार्मला हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही, तो दोन्हींना ओरडतो. तिच्या यंत्राला तो फरक कळतो. बोटींवर असं पुष्कळदा होतं म्हणे. “म्हणजे खोटाच होता ना?” मी विचारलं. “खोटा कसा? घरात चोर होताच, फक्त याने नाव दुसऱ्याचं घेतलं. झाकणाखाली एक ठिणगी पडली असती तर बोटीचं छत मास्तरांच्या बोटीवर सापडलं असतं.”

मी म्हटलं, “पण तो विषारी वायू? तो होताच ना थोडाफार?”

“अजिबात नव्हता.”

“आधी असेल. महिन्यापूर्वी.”

“काकू, हीटर स्वच्छ आहे, पाइप धड आहे. तो असायला जागाच नाही.”

“परत एकदा बघा.”

तिने परत बघितलं. आधी सगळं उघडं टाकून बोंबल्या गप्प होईपर्यंत हवा जाऊ दिली, मग बिचारीने हीटर परत लावला, खिडक्या बंद करून, यंत्र अगदी जाळीपाशी धरून. शून्य. मी म्हटलं, शेगडी राहिली. शेगडीही बघितली. मग यंत्र बंद करून ती माझ्याजवळ येऊन बसली. “हे ऐकून लोक देवाचे आभार मानतात,” म्हणाली. “तुम्ही का रडताय?”

काय सांगणार? म्हटलं, शिवून शिवून डोळे दुखतात.

वन्सं, वायू नसला तर मग हे जे आहे ते यांचं स्वतःचं आहे. ते खिडक्या उघडून जाणार नाही. तुम्ही तिकडून लिहिलंत की दादा छान आहे, पोटभर जेवतोय, रहाट आठवतोय, आणि मी इकडून काय लिहू? तुमच्या हातातली काडी काढून घेऊ? म्हणून ते चार ओळींचं पत्र लिहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण, आणि वर त्या संन्याशाच्या जिवावर महिनाभर आनंदात राहिलो.

पण हे खरंच बरे आहेत ना तिकडे? तुमच्या डोळ्यांनी बघितलंय ना तुम्ही?

वहिनी

१३ नोव्हेंबर

वहिनी,

नाही, बरा नाही.

नळाची गोष्ट मी अर्धी सांगितली. त्याने भाग वेगळे केले, पुसले, ओळीने मांडले, इथपर्यंत खरं. मग तो त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. मी स्वयंपाक केला, कपडे वाळत घातले, परत आले तरी तसाच. मला म्हणाला, “यातलं आधी कुठलं?” नळ दुसऱ्या दिवशी प्लंबरने जोडला.

रहाट आठवला त्या संध्याकाळी त्याने मला विचारलं, “आई अजून आली नाही?” मी म्हटलं, येईल. वॉर्डात अशा माणसांना असंच सांगायचं असतं, वाद घालायचा नाही, हे मी नव्या पोरींना शिकवायचे. स्वतःच्या आईबद्दल असं सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. तो खिडकीत बसून राहिला आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

खालच्या बाईंकडे चहा मागितला तेही एकदा नाही. आणि रक्ताच्या तपासणीबद्दल मी जे लिहिलं ते खरं आहे, पण दुसरं एक खरं मी लिहिलं नाही. विष असतं तर मोकळ्या हवेत इतक्या दिवसांत काहीतरी उतरलं असतं. मला हे तुम्ही आल्यावर आठवड्याभरातच कळलं होतं. तू बसमध्ये बसताना इतकी हलकी दिसत होतीस की माझी जीभ उचलली नाही. तू मला सांभाळत होतीस, मी तुला. आणि दोघींनी मिळून ज्याला सांभाळायचं त्याला बाहेरून कडी लावली.

काल त्याला डोक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी तासभर त्याच्याशी गप्पा मारल्या, चित्रं काढायला लावली, घड्याळ काढायला लावलं. हा स्मृतिभ्रंश आहे. वाढत जाणारा आहे, पण घोडदौड नाही, असं ते म्हणाले. औषध आहे, त्याने जरा वेग मंदावतो, बरं होत नाही. सगळं ठीक होईल असं मी तुला लिहिणार नाही. आहे ते आहे. पण आता निदान आपण एकाच रोगाबद्दल बोलतोय.

तुझं पत्र मी टेबलावर विसरले, आणि ते दादाने वाचलं. मला वाटलं चिडेल. त्याने कागद मागितला. सकाळी तो स्वच्छ असतो, जेवायच्या आधी लिहून दिलं. मी वाचलेलं नाही, यातच घालते.

तुझी नणंद

(त्याच पाकिटात)

तुझं पत्र वाचलं. माझ्या नावाचं नव्हतं पण माझ्याबद्दल होतं.

मला तो वास कळत होता. बॅटऱ्या उकळल्या की तसा येतो. फेरीवर असा वास आला की मी आधी चार्जर बंद करायचो आणि मग साहेबाला सांगायचो. इथे झाकण उघडून उभा राहिलो. सगळं समोर होतं. आधी काय करायचं तेच येईना. हात पुढे जायचा आणि तिथेच राहायचा. मग झाकण लावून टाकलं.

तू धक्क्यावर विचारलंस का वाजतो. मला माहीत होतं. चार्जर हा शब्द आला नाही. म्हणून ओरडलो. आणि आला असता तरी तू म्हणाली असतीस, मग दुरुस्त करा. तुला धोक्यात ठेवलं हे चुकलं. सेल काढले हेही चुकलं.

मग तुम्ही दोघी वायू वायू म्हणून एवढ्या खूश झालात की म्हटलं असू दे वायू.

मला काय होतंय ते मला कळतं. रोज नाही. पण कळतं त्या दिवशी चांगलं कळतं. तुम्ही दोघी माझ्यासमोर कुजबुजू नका. मोठ्याने बोला.

बोट विकणार असलीस तर मला विचारून विक. मी हो म्हणालो आणि विसरलो तर परत विचार.

२० नोव्हेंबर

अहो,

इतक्या वर्षांच्या संसारात मी तुम्हाला पत्र लिहिल्याचं आठवत नाही. तुम्ही रोज संध्याकाळी घरी यायचात, लिहायचं काय? हे पत्र वन्सं तुम्हाला सकाळीच वाचून दाखवतील, मोठ्याने. मधेच थांबवून काही विचारायचं असेल तर विचारा.

ओरडल्याचं मी मनात ठेवलेलं नाही. बॅटऱ्यांचं ठेवलंय. शब्द आठवला नाही तर हात धरून न्या, बोट दाखवा, नुसतं ‘पळ’ म्हणा. पण मला माहीत नाही असं काही बोटीत ठेवू नका. आणि मीही तुमच्यापासून काही ठेवणार नाही. त्याची सुरुवात म्हणून सांगते. तुमचा आजार कुठला आहे हे डॉक्टरांनी सांगितलं, ते वन्सं तुम्हाला परत नीट सांगतील. मला भीती वाटते. तुम्हाला वाटत असेल तर आपण दोघं मिळून घाबरू, एकेकटं नको.

नव्या बॅटऱ्या बसल्या, नवा चार्जर बसला. नवा अलार्मही बसवला, त्याला हायड्रोजन आणि दुसरा वायू यांतला फरक बराचसा कळतो म्हणे. तरी तपासनीस बाईंनी बजावलंय, वाजला की बाहेर. मग तो खरा असो नाहीतर खोटा, चर्चा धक्क्यावर करायची.

वन्संच्या गावाला पुलाच्या अलीकडे बोट बांधायला जागा मिळाली आहे. त्यांच्या खिडकीतून दिसते. थंडीभर रात्री त्यांच्याकडे झोपायचं आणि दिवसा बोटीवर राहायचं. डेकला चारी बाजूंनी कठडा बसवून घेतलाय, आणि डेकवर असताना तुम्ही लाइफ जॅकेट घालायचं. तुम्हाला ते आवडणार नाही. मीही घालणार आहे, मलाही आवडत नाही. वन्संच्या दाराची बाहेरची कडी सुताराला सांगून काढून टाकायची. त्याऐवजी तुम्ही बाहेर पडताना आमच्यापैकी एकीला हाक मारायची. विसरलात तर आम्ही मागून येऊ. वन्संचा गुडघा बघता तुम्ही जरा हळू चालावं.

बोट इकडून तिकडे न्यायची आहे. सुकाणू मास्तर धरतील, त्यांनी स्वतःहून विचारलं. जनरेटरचा राग गेलेला दिसतो. पण इंजिन तुम्हीच सुरू करायचं. मास्तर म्हणाले मी करतो, मी म्हटलं नको. तपासनीस बाईंकडून मी सगळं क्रमाने विचारून घेतलंय आणि मास्तरांसमोर दोनदा म्हणून दाखवलंय. आधी काय, नंतर काय, ते मी तुमच्या शेजारी उभी राहून सांगेन. हात तुमचे. चुकलं तर बंद करून परत सुरुवातीपासून, आपल्याला कुठे घाई आहे?

मी शनिवारच्या बसने तुम्हाला न्यायला येते. राखाडी स्वेटर घालून तयार राहा, निळ्याचं कोपर फाटलंय, ते मी शिवीन.

बोट विकलेली नाही, विकणारही नाही. उद्या विचारलंत तर उद्या सांगेन, परवा विचारलंत तर परवा.

तुमची
मी